मामाच्या भिंतीवरचे आजोबा

यवतमाळजवळ लोहारा गावातल्या आमच्या घरात माझा भाऊ ओम ज्या खोलीत राहतो, ती खरं तर सामानाची खोली. गव्हाच्या ड्रमच्या वर, भिंतीवर त्याने तीन फोटो चिकटवले आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून मोठे करून आणलेले, काळे-पांढरे, थोडे धुरकट. एक टकला, एक टोपीवाला, एक दाढीवाला. तिघेही मोठे दिग्दर्शक. माझी मुलगी सेजल पहिल्यांदा ते बघून म्हणाली, "मम्मी, हे मामाचे आजोबा का?" आमच्या खऱ्या आजोबांचा एकही फोटो नाही, त्यामुळे मी हो म्हणून टाकलं. तेव्हापासून ते मामाचे आजोबाच झाले. सेजल सकाळी दूध पिताना त्यांना राम राम करायची.

ओम यवतमाळला सिनेमा आणि पत्रकारितेचा कोर्स करतो. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची आणि कुठल्या दिग्दर्शकाकडून काय शिकून घेतलं ते परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं, असं त्यांच्या सरांनी ठरवलं होतं. ओमने थ्रिलर निवडली. जेवताना, भांडी विसळताना, माझ्या मागे मागे फिरत तो बोलायचा. मोठी बहीण म्हणून मला तो बाई म्हणतो.

"बाई, टकल्या आजोबाचं म्हणणं काय, का पाहणाऱ्याले सगळं माहीत पायजे. फक्त पात्राले माहीत नसावं. खरी भीती मंगच वाटते. टोपीवाला म्हणते, मानूस दाखवू नको, त्याची रिकामी जागा दाखव."

"अन् दाढीवाला?"

"थो तर डेंजर हाय. थो नटाले सांगतच नाही काय होनार हाय. त्याच्या तोंडावर जे येते थे खरं."

मी म्हटलं, "आधी ताट उचल."

गोष्ट तशी साधी होती. ओस पडलेल्या तांड्यात एक आजी आणि तिची नात. नात लपाछपी खेळताना लपते आणि सापडत नाही. नात म्हणून सेजल, हे ओमने मला न विचारताच ठरवलं होतं. विचारल्यावर मी आधी नाहीच म्हणाले.

मी कशी आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सेजलला द्राक्ष द्यायचं तर मी चार तुकडे करून देते. तिचे पप्पा वणीला कोळशाच्या खाणीत आहेत, सुट्टीला येतात, आणि आले की हसतात, "तू तिला श्वाससुद्धा गाळून देशील." बी.एस्सी.ला मायक्रोस्कोपखाली जे जे पाहिलं ते सगळं मला अजून प्रत्येक पेल्यात दिसतं. शेवटी मी ओमला अटी घातल्या. धान्याच्या कोठीत लपायचं नाही, झाकण पडू शकतं. दाराला कडी नाही. अंधार नाही. तिला घाबरवायचं नाही, खोटं तर अजिबातच सांगायचं नाही. आणि ती जिथे लपेल तिथे मी हाताच्या अंतरावर बसेन.

"दाढीवाल्या आजोबाले सांग," मी म्हटलं, "माह्या पोरीवर प्रयोग नाही."

"नाही ना बाई. आईची शप्पथ."

ती शपथ त्याने पाळली. सेजलला त्याने सगळं समजावलं. मी 'ॲक्शन' म्हणलो का तू लपायचं, 'कट' म्हणलो का बाहेर यायचं, मधात कोणी कितीबी बोलवो, हलायचं नाही. तिला तो खेळ इतका आवडला की चार दिवस आमच्या घरात कोणी कट म्हटल्याशिवाय ती जेवणाच्या ताटावरून उठेना.

आमची आई हंसाबाई, म्हणजे आमची याडी, मागच्या वर्षापासून माझ्याकडेच आहे. तिचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं, मग गॅसवरचं दूध, मग माणसं. ओमला ती कधी कधी तिचा भाऊ डोंगरसिंग समजते आणि त्याला घर कधी बांधणार विचारते. मला दोनदा तिने "नर्सबाई" म्हटलं. पण सेजलला ती कधीच विसरली नाही. सकाळी उठली की हात चाचपडत विचारायची, "छोरी उठली का?" भाजीत मीठ टाकलं की नाही हे तिला आठवत नसे, पण सेजलचा कुठला दात हलतोय ते आठवे. डॉक्टर म्हणाले होते, हा धागा आहे, हा धरून ठेवा. मी धरून ठेवला होता. सेजलला रोज तिच्याच मांडीवर वेणीसाठी बसवायचे. याडीचे हात केसांत गेले की तिचा चेहरा जागेवर यायचा.

फिल्ममधली आजी म्हणून तांड्यातल्या मोतीबाई काकीला घेतलं होतं. बाभुळगावच्या रस्त्यावर आमचा बंजारा तांडा आहे. दिवाळीनंतर अर्धी घरं ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं, सेवालाल महाराजांच्या देवळावरचा पांढरा झेंडा तेवढा हलतो. ओमला हवा होता तसाच ओसाडपणा. पण काकीने पहिल्याच तालमीत छाती पिटून घेतली आणि अंगणात लोळण घेतली.

"काकी, थोडं कमी करा ना," ओम म्हणाला.

"कमी काहून? पोरगी हरपली ना?"

"हाव, पन..."

"मंग कमी कसं? टीव्हीवरच्या बाया तर मेकअप करून रडते. मी तं धुळीत लोळून राह्यली फुकट!"

सेजल हसून हसून बेजार. आवाज टिपायला आलेली ओमच्या वर्गातली माहनूर हेडफोन काढून म्हणाली, "ओम, इनको रहने दे यार. कॉमेडी बन रही."

दोन दिवस गेले. मग ओम म्हणाला, "बाई, याडीले घेऊन जाऊ का तांड्यावर? थे सारखी म्हनते, घरी चाल, घरी चाल. घरात फिरन, अंगनात बसन. मी नुसतं शूट करीन. तिले काही करा लागत नाही."

मला बरं वाटलं. याडीला तिचं घर दिसेल. मी विचारलं, "तिले दगदग नाही ना होनार?"

"तिचंच घर हाय थे."

त्या सकाळी ओमने पेटीतून याडीचा जुना फेटिया आणि कांचळी काढायला लावली. आरशांचा घेरदार घागरा, चोळी, कवड्यांची ओढणी. कितीतरी वर्षांत तिने साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. घातल्यावर ती सरळ उभी राहिली. तांड्यात उतरताच कोणाच्या आधाराशिवाय चालू लागली, चूल कुठे, पाण्याची माठणी कुठे, सगळं बरोबर सांगू लागली. माहनूर म्हणाली, "नानी तो एकदम क्वीन लग रही." याडीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला वाटलं, आपण हिला आधीच आणायला हवं होतं.

सेजलचा शॉट आधी झाला. आतल्या खोलीत गोधड्यांची चळत होती, तिच्यामागे ती लपली, कॅमेऱ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. पाहणाऱ्याला आता माहीत झालं की पोरगी कुठे आहे. मग कॅमेरा बाहेर अंगणात गेला. मी सेजलजवळ गोधड्यांमागे बसून राहिले. विंचू नाही ना, ते दोनदा बघितलं होतं. तिच्या हातात बिस्कीट दिलं. बाहेर ओमचा आवाज आला, अस्पष्ट. याडीचा आवाज आला. मी सेजलच्या केसातली काडी काढत होते.

मग याडीची हाक आली. "सेजल! ये सेजल!"

सेजलने माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. खेळ चालला होता.

हाक अंगणातून मागच्या परसात गेली, तिथून परत आली. माठणीवरचं भांडं पडल्याचा आवाज झाला. "कत गी ये मारी छोरी?" आमच्या बोलीत ती कोणाला तरी विचारत होती, कुठे गेली गं माझी पोर? आणि ओम म्हणाला, या वेळी मला स्वच्छ ऐकू आलं, "मले नाही दिसली याडी. थो सडकेवर ट्रक उभा होता, थो बी गेला."

मी उठले तेवढ्यात सूर लागला.

आमच्यात रडणं हे नुसतं रडणं नसतं. मुलगी सासरी निघाली की बायका गळ्यात पडून चालीवर रडतात, त्याला ढावलो म्हणतात. कोणी गेलं तरी तसंच. कोणी फार दिवसांनी भेटलं तरी तसंच, एकमेकींच्या गळ्यात पडायचं, सूर लावून सगळी हकिकत सांगत रडायचं, आणि झालं की ओढणीने तोंड पुसून म्हणायचं, चहा मांड. माझ्या लग्नात मला ते येईना. कॉलेजच्या मैत्रिणी बघत होत्या. तेव्हा याडीने तिच्या वाटचंही म्हटलं आणि माझ्या वाटचंही.

मी बाहेर आले तेव्हा ती उंबऱ्यावर बसून सेजलसाठी रडत होती. माझ्या अंगणातली चिमणी, तुझ्या वेणीची रिबीन माझ्या हातात राहिली. तुझा दात हलत होता, तो मी कुठे पुरू. आरशांचा घागरा धुळीत पसरला होता. माहनूरने दोन्ही हातांनी हेडफोन धरले होते, डोळे मिटून. ओम कॅमेऱ्यामागे होता आणि त्याचा हात हलत नव्हता.

"ओम!" मी ओरडले. "थांबव!"

त्याने मान हलवली, थांब म्हणून. मी आत गेले, सेजलला ओढून बाहेर आणलं. ती म्हणत होती, "मम्मी, कट नाही झालं!" मी तिला याडीच्या मांडीत टाकलं.

याडीने तिला धरलं. छातीशी घट्ट धरलं, केस हुंगले. "आली, आली," म्हणाली. सूर हळूहळू उतरला. मला वाटलं, झालं.

मग मी ओमकडे वळले. "तू मले काय म्हनला होता?"

"सेजलवर प्रयोग नाही म्हनलो होतो. नाही केला." त्याचे डोळे चमकत होते. "बाई, तू पाह्यलं का तिचं तोंड? असं कोणी करूच शकत नाही. कोणीच नाही."

"थे ॲक्टिंग नव्हती, ओम."

"अर्ध्या घंट्यात विसरते थे. जेवली का नाही थे विसरते, हे नाही विसरनार?"

माहनूर सामान आवरत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, मुझे लगा उसने नानी को बताया है."

रिक्षात याडी माझ्याजवळ बसली होती, सेजल तिच्या मांडीवर. लोहारा येईपर्यंत याडी मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली. एक ट्रक बाजूने गेला तर पार वळून बघितलं. घरी येऊन कपडे बदलले, चहा झाला. सेजल कंगवा घेऊन नेहमीसारखी तिच्यासमोर पाठ करून बसली.

याडीने कंगवा हातात घेतला आणि मला विचारलं, "सेजल कत गी?"

"याडी, ही काय सेजल."

तिने सेजलची हनुवटी धरून तोंड वर केलं. फार वेळ बघितलं. मग समजुतीने, दुसऱ्याच्या लेकराशी बोलावं तसं म्हणाली, "गोड हाय. कोनाची हाय वं?"

ती विसरली नाही. दुपारचं जेवण विसरली, तांड्यावर गेलो होतो ते विसरली, सेजल मांडीत परत आली तेही विसरली. हरवल्याचं तेवढं राहिलं. रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करायची. इकडे एमआयडीसीचे ट्रक काय कमी आहेत? कोणी थांबला तर विचारायची, एवढीशी आहे, हात कमरेइतका करून. सेजल तिच्या शेजारी उभी असायची. सुरुवातीला "नानी, मी हाय ना!" म्हणून फ्रॉक ओढायची. मग तीही हात करू लागली. ट्रकवाले हसून हॉर्न वाजवायचे.

डॉक्टर म्हणाले, हे कधी तरी होणारच होतं, एखाद्या गोष्टीवरून होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून न घेता घरी आले आणि ओमशी बोलले नाही. इतके दिवस मी विंचू बघितले, झाकणं बघितली, कड्या बघितल्या. जिच्याकडे बघायला हवं होतं ती अंगणात होती.

एकदा सेजलने मला विचारलं, "मामानं कट म्हटलं नाही म्हणून नानी अजून खेळून राह्यली का?"

ओम दाराशी होता. त्याने ते ऐकलं. रात्रीचं जेवण त्याने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, लॅपटॉप पोटाशी धरून. दाढी वाढलेली.

"बाई, मी फिल्म बदलवली. कॅमेरा चालूच होता ना, तू सेजलले बाहेर आनलं, याडीच्या मांडीत टाकलं, थे सगळं आलं हाय. आधी मी थे कापलं होतं. आता ठेवलं." त्याने लॅपटॉप उघडला. "टकला आजोबा म्हनते पाहणाऱ्याले सगळं माहीत असते. मंग याडीले पाहणारी बनवू. तिले दिसन ना, पोरगी गोधड्यामांग हाय. तिले दिसन का सापडली."

मला त्याचा राग करायचा होता. पण त्या क्षणी मला त्याच्याइतकीच आशा वाटली.

दुपारी पडदे ओढून याडीला पलंगावर बसवलं. एका बाजूला मी, एका बाजूला सेजल. ओम खाली, लॅपटॉप स्टुलावर धरून.

गोधड्यांमागे सेजलने तोंडावर बोट ठेवलं तेव्हा याडी हसली. "लपली," ती म्हणाली. "नानी, थे मी!" सेजल ओरडली. याडीने "हाव का?" म्हटलं आणि नजर पडद्यावरून काढली नाही.

म्हातारी अंगणात आली. आरशांच्या घागऱ्यात ऊन चमकलं. याडी पुढे वाकली.

"कोन हाय वं ही म्हातारी?"

मी ओमकडे बघितलं.

"बिचारी," याडी म्हणाली. म्हातारी हाका मारू लागली तशी याडीची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होत गेली. "घरातच हाय वं! गोधड्यामांग पाह्य!" ती पडद्याला सांगू लागली. "ऐकतच नाही. पोट्टं काहीतरी भलतंच सांगून राह्यलं तिले." आपला आवाज ऐकून ओमने मान खाली घातली. सूर लागला तेव्हा याडीच्या गालावरूनही पाणी वाहू लागलं. मग पडद्यावर मी आले, केस विस्कटलेली, सेजलला ओढत, आणि तिला त्या म्हातारीच्या मांडीत टाकलं.

याडीने टाळी वाजवली. "सापडली! पाह्य, सापडली तिची!"

ती हसत होती. कितीतरी दिवसांनी. ओमने वर बघितलं, त्याचा चेहरा लहानपणी पतंग उडाल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"देव पावला तिले," याडी म्हणाली. डोळे पुसले. "आता माही तेवढी सापडाले पायजे."

ओमने लॅपटॉप मिटला. मग याडी उठली, पेटीकडे गेली आणि झाकणाशी झटापट करू लागली.

"काय पायजे, याडी?"

"फेटिया काढ. तिच्याकडे जा लागते. तिची पोरगी आली, गळ्यात पडाले नको? लोक काय म्हनन, हंसाबाई आली नाही. सोताची हरपली म्हनून जळते."

मी फेटिया काढून दिला. तिने साडीवरच तो बांधला, ओढणी घेतली, आणि दाराकडे निघाली. कुठे नेणार होते मी तिला? मी तिच्या पुढे होऊन बाहेर गेले, फाटकापर्यंत. डोक्यावर पदर घेतला. आणि वळून, पाहुणी येते तशी, घरात आले.

"राम राम, हंसाबाई."

याडीने मला निरखून बघितलं. मी सेजलचा हात धरला आणि तिला पुढे केलं. "ही पाह्य. सापडली माही."

तिच्या तोंडावर ओळख आली. मी जिचं सोंग घेतलं होतं तिची ओळख. ती पुढे आली आणि माझ्या गळ्यात पडली, आणि सूर लावला.

मला अजूनही ते येत नाही. मी नुसती ओळीच्या शेवटी तिच्यामागून जात होते. तिने माझ्या वाटचं म्हटलं, माझी पोर कशी हरवली, कुठे कुठे शोधली, कशी मिळाली. मग तिच्या वाटचं म्हटलं. त्यात ट्रक होता, रिबीन होती, हलणारा दात होता. तिच्या हनुवटीचं हाड माझ्या खांद्याला टोचत होतं.

"मामा," सेजल दबक्या आवाजात म्हणाली, "आता कट म्हण ना."

ओम दाराला टेकून उभा होता.

याडी स्वतःच थांबली. ओढणीने आधी माझं तोंड पुसलं, मग आपलं. खाली बसून सेजलला जवळ ओढलं, तिच्या सुटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"नाव काय वं तुहं?"

सेजलने माझ्याकडे बघितलं. "सेजल."

"पाह्य," याडी मला म्हणाली, "माह्या पोरीचंबी हेच नाव." तिने सेजलच्या डोक्यावरून हात काढला नाही. "गोड हाय तुही पोरगी. जपजो तिले. एक मिनिट नजर काढू नोको."

"नाही काढनार," मी म्हटलं.

"चहा मांड," ती ओमला म्हणाली. "पाहुणी आली हाय."